कोअलेस म्हणजे

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून अर्धी रजा घेऊन नरेशला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. वर्षातून एकदा जायचं ठरलेलं आहे. त्याचा भनपुरीचा कारखाना गारगोटी दळतो. लोखंड वितळवायच्या भट्ट्यांना आतून त्या पुडीचं अस्तर लागतं. नरेश मिलवर पाळीचा मुख्य आहे. घरी येतो तेव्हा भुवयांपर्यंत पांढरा असतो.

डॉक्टरनं मागच्या वर्षीची आणि आजची अशा एक्स-रेच्या दोन फिल्म्स शेजारी शेजारी लावल्या. मागच्या वर्षी साबुदाणा सांडल्यासारखे दाणे होते. आज वरच्या बाजूला, दोन्हीकडे, एकेक ढग. तो आमच्याशी बोलला नाही. शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला म्हणाला, "देखो, पिछले साल सब अलग-अलग थे. अब कोअलेस कर रहे हैं." मुलगी लिहीत होती. तिचा हात थांबला.

आम्हाला म्हणाला, "धूल से बचिए, मास्क लगाइए. तीन महीने में फिर आइए." बाहेर रांग होती. आम्ही उठलो.

जिना उतरताना नरेशनं विचारलं, "तो कोअलेस काय म्हणून राहिला होता?"

"एकत्र येणं," मी म्हणाले.

"दाणे एकत्र आले?"

"हं."

"म्हणजे कमी झाले." तो थांबला, हसला. "एवढे होते, आता दोनच."

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. रस्ता ओलांडायचा होता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नरेशनं कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. "म्हटलं, माही बायको इंग्रजीची मॅडम हाय. तिनंच अर्थ सांगितला."

पाळी सुटताना तिथे प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. गुळानं धूळ उतरते, असं मालकापासून हमालापर्यंत सगळे मानतात. नरेशला गोड आवडत नाही. तो खडा रुमालात बांधून घरी आणतो आणि मी चहात घालते. लग्न झाल्यापासून आमच्या घरात साखर कमी लागते. आजचा खडा मोठा होता. मिलवरच्या दुकालूनं स्वतःचाही दिला म्हणे, आनंदाच्या बातमीचा.

चहा गोड झाला. मला अर्धा कपही पिववला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत मोठा शब्दकोश काढला. मुलांसाठी दर सोमवारी फळ्यावर एक क्रियापद लिहिते: अर्थ, मूळ, उपयोग. तसंच हे लिहून पाहिलं.

अर्थ: वाढत जाऊन एक होणे. मूळ: लॅटिन. को म्हणजे सह. अलेस्केरे म्हणजे वाढीला लागणे, आणि ते आलं अलेरेपासून, म्हणजे पोसणे, खाऊ घालणे. त्याच कुळातला अॅडोलेसंट, वाढत्या वयाचा. अॅलम्नी, पोसून मोठी केलेली मुलं. उपयोग: जखमेच्या कडा, मोडलेलं हाड, कलमाच्या फांद्या. मग पाण्याचे थेंब. मग माणसांचे गट.

चांगल्या घरचा शब्द आहे. सगळे नातेवाईक भले. मी नरेशला खोटं सांगितलं नव्हतं. हायसं वाटलं.

मग फोनवर छातीच्या संदर्भात शोधला.

दाणे वाढतात आणि एकमेकांना भिडतात. भिडले की त्यांचा घट्ट गोळा होतो. त्या जागी फुफ्फुस उरत नाही, भोवतालचं ओढलं जातं. धूळ बंद केली तरी कधी कधी वाढ चालू राहते. धूळ बंद केली नाही तर काय होतं ते वाचायला मी थांबले नाही. घंटा झाली.

डॉक्टर दर वर्षी पुढच्या वर्षी या म्हणतो. या वेळी तीन महिने म्हणाला. हे मला आज आठवलं.

अलेरे, पोसणे. रात्री त्याला वाढताना हात थांबत होता. हा वेडेपणा आहे, मला कळतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नरेश जेवताना सहज म्हणाला, "काट्याचं नाही सांगून टाकलं."

मला कळलं नाही. मग कळलं. मालाच्या ट्रकांचं वजन करतात तिथे काचेची बंद केबिन आहे, धुळीपासून लांब. दिवाळीच्या आधी माझ्या हट्टानं त्यानं शेठजींकडे ती जागा मागितली होती. शेठजी काल हो म्हणाले.

"आणि तू नाही म्हणालास?"

"आता काहून पाहिजे? काट्यावर बसून माशा मारू? ते रिटायर लोकांचं काम हाय." त्यानं दुसरी पोळी घेतली. "तूच त सांगितलं ना, कमी झाले म्हणून."

"मी एकत्र आले म्हणाले."

"तेच ते."

मी वाढत राहिले. ताटात भाजी जास्त झाली. त्यानं निम्मी परत माझ्या ताटात घातली.

१ डिसेंबर, सोमवार

फळ्यावर तोच शब्द लिहिला. मुलांसमोर उच्चारला तर त्याचं भय कमी होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. थेंबांचं उदाहरण दिलं, कलमाचं दिलं. शर्मिष्ठा पहिल्या बाकावरून म्हणाली, "मॅम, मर्ज और कोअलेस तो सेम है?"

नाही म्हटलं. मर्जचं मूळ बुडणं, बुडवणं. एक दुसऱ्यात बुडतो आणि दिसेनासा होतो. कोअलेसमध्ये कुणी बुडत नाही. दोघंही वाढतात, वाढून भिडतात.

"तो कोअलेस अच्छा वाला है," ती म्हणाली. वर्ग हसला.

"यस," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा चुकीचा अर्थ तसाच जाऊ दिला.

फळा पुसताना खडूची धूळ उन्हात उभी राहिली. मी मागे सरले. मुलांना वाटलं झुरळ असेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस नरेशला सांगायचं ठरवून सांगितलं नाही. रोज एक कारण मिळतं. काल त्याच्या भावाचा फोन होता. आज तो खुशीत होता.

खरं तर तो बराच शांत झाला आहे. घराच्या बाबतीत लक्षही घालतो. जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबून सगळ्यांचे विजेचे मीटर वाचतो. कुणाचं किती आलं ते मला वर येऊन सांगतो. चहा आता बशीत ओतून पितो. त्याचे आजोबा प्यायचे तसा, म्हणतो. आधी कपातच फुंकर मारून पिणारा माणूस, वयाबरोबर सवयी बदलतात. उशी एक होती, दोन घेतो. मान आखडते म्हणे.

पुण्याहून स्वरदाचा फोन आला. बापाशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "मम्मी, पापा बीच-बीच में रुक क्यों रहे हैं? एक लाइन पूरी नहीं बोलते."

"नेटवर्क असेल गं."

"आप तो बराबर सुनाई दे रही हो."

आमच्या चौबे कॉलनीत नेटवर्क कधीच धड नसतं. तेच सांगितलं तिला.

७ डिसेंबर, रविवार

दुकालू आणि त्याची बायको बिसाहिन आले. दुकालू नरेशच्या हाताखाली मिलवर आहे. नरेशला त्याच्याशिवाय करमत नाही. बिसाहिननं पिशवीभर तिवरा भाजी आणली होती, कोवळे शेंडे खुडलेले.

मी भाजी ताटलीत काढत होते. ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात उभी राहिली. "दीदी, मोला तो बहुत डर लगे रहिसे. रात-रात भर खाँसते हैं ये. आपने भैया को बताया न, दाग मिल जाते हैं तो कम हो जाते हैं. तब से मन शांत है."

"मी असं..." मी म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "मैंने ऐसा नहीं कहा था."

"हव, हम लोग को इंग्लिश वाला शब्द थोड़ी आएगा." ती लाजून हसली. "पारा में, पूरे मोहल्ले में, सबको बता दिए हैं."

बाहेर दुकालू सांगत होता. पुढच्या रविवारी भनपुरीत एक्स-रेची गाडी येणार आहे, फुकट फोटो काढतात. यंदा तो जाणार नाही. "का करबो भैया, अपने आप मिल जही."

"फोटो काढून घ्या," मी दारातून म्हणाले. "निकलवा लीजिए, दुकालू भैया."

"मास्तरीण घाबरते," नरेश म्हणाला. "हिले पेपरातली चूक दिसली तरी झोप येत नाही."

सगळे हसले. दुकालूचं हसणं खोकल्यात गेलं. खोकला बराच वेळ चालला. मग नरेशनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "जुना माल हाय गा, आवाज करतेच."

ते गेल्यावर मी भाजी निवडायला घेतली. निवडलेलीच होती.

मी नरेशला एका जिन्यावर एक अर्थ दिला होता. तो आता त्या गल्लीत घरोघरी आहे. शब्द परत कसा घेतात, मला माहीत नाही. शाळेत चुकलं तर पुढच्या तासाला फळ्यावर दुरुस्त करते. मुलं वहीत खोडतात. तिथे कुणाकडे वही आहे?

१० डिसेंबर, बुधवार

आज बोलले. किंवा बोलायला लागले.

नरेश गॅलरीत धुळीचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत होता. मी म्हणाले, "नरेश, त्या शब्दाबद्दल."

"कोणत्या?"

"डॉक्टरच्या."

तो बादलीकडेच बघत होता. पाणी दुधासारखं झालं होतं. "मोटार चालू कर," म्हणाला. "टाकी खाली हाय."

चालू करून आले. तो म्हणाला, "आवाज बदलला तर हवा धरली समजायचं. मग तो वरचा नट सैल करून पाणी टाकायचं. ये, दाखवतो. मी नसलो त प्लंबरची वाट पाहत बसशील."

त्यानं दाखवलं. पान्हा माझ्या हातात दिला, दोनदा करून घेतलं. चांगला मूड होता. त्यानंतर मला शब्द काढवला नाही.

काट्यावर कुणीतरी बसलं का, एवढं मात्र विचारलं. "शेठचा साडू येणार हाय म्हणतात. पंधरा तारखेपासून."

म्हणजे सोमवारपासून.

१३ डिसेंबर, शनिवार

काही नाही. भीती एखाद्या जागी असते असं मी समजत होते. पोटात, छातीत. तशी नसते. आज भाजीवाल्याला पैसे देऊन भाजी तिथेच विसरून आले.

उद्या गाडी येणार.

१४ डिसेंबर, रविवार

नरेश सकाळीच दुकालूकडे गेला. त्याच्या घराची कौलं शाकारायची होती. जाताना म्हणाला, दुपारपर्यंत येतो. मी अंघोळ केली, साडी नेसले, ऑटो केला. काय सांगायचं ते हिंदीत जुळवत होते. फुफ्फुस, गाठ, धूळ. सगळी वाक्यं डॉक्टरच्या पाटीसारखी वाटत होती.

भनपुरीच्या चौकात एक्स-रेची गाडी उभी होती. सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर कारखान्याच्या लोकांपैकी कुणी नव्हतं. दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा. गाडीतला माणूस दारात बसून मोबाइल बघत होता.

दुकालूच्या अंगणात ऊन होतं. मिलवरचे चार-पाच जण उकिडवे बसले होते, कौलं खाली काढून ठेवलेली. नरेश शिडीला हात टेकवून उभा होता, वर चढलेला नव्हता. बिसाहिन चुलीवर तांदळाच्या पिठाचे चीले करत होती. मला बघून सगळे उठले. "दीदी आ गे."

"काहून आली?" नरेश म्हणाला.

मी दुकालूकडे वळले. "दुकालू भैया, गाड़ी खड़ी है. कोई नहीं गया."

"दीदी, आप लोग तो कहे थे..." तो नरेशकडे पाहू लागला.

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. बिसाहिननं तव्यावर पीठ शिंपडलं. हातानं थेंब थेंब. ती तसंच घालते, नागपुरी धिरड्यासारखं ओतत नाही. थेंब सुटे पडले, चर्र झाले, पसरले. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले.

"रुको," मी म्हणाले. "अभी कितने हैं?"

"का, दीदी?"

"बूँदें. कितनी हैं?"

"बहुत हैं." तिनं आणखी शिंपडलं, सवयीनं. थेंब एकमेकांना लागले. कडा गेल्या. पांढरं एकसंध झालं.

"अब?"

"अब तो एक चीला है." ती हसत होती.

"कम हुआ?"

ती हसायची थांबली.

"तवा कितना दिख रहा है, बिसाहिन?"

तिनं तव्याकडे पाहिलं. काळं कुठेच उरलं नव्हतं, फक्त काठाला एक बारीक कड. "नइ दिखत हे," ती म्हणाली.

"साँस तवे से लेते हैं," मी म्हणाले. हे वाक्य चुकीचं आहे. कुठल्याही पुस्तकात असं नाही. पण मी तेच म्हणाले. "डॉक्टर ने यही कहा था. मुझे पता था. पहले दिन नहीं, पर चार दिन में पता चल गया था. मैंने बताया नहीं."

बोलताना मी नरेशकडे पाहिलं नाही. चुलीकडे पाहत होते.

चीला करपायला लागला. बिसाहिननं तवा चुलीवरून उतरवला आणि जमिनीवर ठेवला. मग पदरानं हात पुसून आत गेली आणि दुकालूचा इस्त्रीचा शर्ट घेऊन आली. त्याच्यापुढे धरला.

"जाबे," ती म्हणाली. "अभीच."

दुकालू शर्ट धरून उभा राहिला. सगळे नरेशकडे बघत होते, पाळी सुरू व्हायच्या आधी बघतात तसे. मला वाटलं तो हसेल, पेपरातली चूक म्हणेल. आणि मग कुणीच जाणार नाही.

त्यानं शिडीवरचा हात काढला. "चल गा दुकालू," म्हणाला. "बटन नीट लाव. मीही येतो संगं." मग बाकीच्यांना, "उठा, पाहता काय? चीला नंतर खाऊ."

ते रांगेनं गल्लीतून गेले. नरेश सगळ्यांत मागे होता. चौकापर्यंत तो दोनदा थांबला. एकदा भिंतीवरचा मीटर वाचत होता.

मी पाहिलं. तिथे मीटर नव्हता.

परतताना नरेश ऑटोत माझ्याबरोबर होता. तेलघाणी नाक्यापाशी म्हणाला, "त्या दिवशी तू एकत्र येणं म्हणाली. मी परत विचारलं नाही."

"मी सांगायला हवं होतं."

"तू सांगितलं असतं त मी आयकलं असतं, असं वाटून राहिलं तुले?" तो थोडा वेळ श्वास घेत राहिला. "बापाची फिल्म अशीच होती. ढग दोन्हीकडं. मी पाहिली हाय."

मला हे माहीत नव्हतं. त्याचे वडील तुमसरला मँगनीजच्या खाणीत होते, एवढंच माहीत होतं. दम्यानं गेले, असंच घरात म्हणतात.

"मग कमी झाले काहून म्हणालास?"

"तू नाही म्हणाली नाहीस ना." तो बाहेर बघत होता. "मले वाटलं, इंग्रजीत कदाचित चांगलं असल."

१५ डिसेंबर, सोमवार

शाळेत गेले नाही. नरेशही गेला नाही. नरेशनं फोनवर शेठजींना काट्याच्या जागेचं विचारलं. दिली, म्हणाले, साडूला शब्द देऊन बसलो. नरेश म्हणाला, ठीक हाय, मग मिलवर पण नाही येत. फोन ठेवला. आता पुढे काय, ते दोघांनाही माहीत नाही. स्वरदाला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगू. मी म्हटलं, मी सांगते. तो म्हणाला, नाही, मीच सांगतो, वाक्य पूरं झालं नाही तरी चालते.

दुकालूचा फोन आला होता. त्याचे दाणे अजून सुटे आहेत. गाडीवरच्या डॉक्टरनं धूळ आजपासून बंद म्हणून सांगितलं. बिसाहिननं त्याला सकाळी कामावर जाऊ दिलं नाही. बाकीच्यांपैकी दोघांना मोठ्या दवाखान्यात बोलावलं आहे. एकाचा निकाल आलेला नाही.

गुळाचा डबा भरलेला आहे. चहात साखर घातली.

गॅलरीत ऊन आलं होतं. कप त्याच्या हातात दिला आणि सवयीनं बशी घ्यायला वळले. "थांब," तो म्हणाला. "पाहा."

त्यानं कप तोंडाजवळ नेला, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. नीट, जोर लावून. मानेच्या शिरा दिसल्या.

वाफ हलली नाही. सरळ वर गेली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं होतं. मग त्यानं बशी मागितली.